मुलाचं वजन वाढलंय आणि हिरड्यांतून रक्त येतंय, दोन्हीचा काही संबंध असतो का? (कोल्हापूर)

पेठेतली आई

नमस्कार. मी मंगळवार पेठेत राहते, बँकेत नोकरी करते. मुलगा आठवीत आहे, तेरा पूर्ण झाली. उंची १५४ सेंटीमीटर, वजन ६६ किलो. गेल्या दिवाळीत ५८ होतं.

मागच्या रविवारी त्याच्या उशीचा अभ्रा धुवायला काढला तर त्यावर फिकट तांबूस डाग. रुपयाच्या नाण्याएवढे, तीन-चार. मला वाटलं घोळणा फुटला असेल. विचारलं तर म्हणाला, "नाकातनं नाही, दातातनं येतं. ब्रश केला की जास्त येतं." किती दिवस झाले म्हटलं तर "झाले की बरेच" एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड धुऊन आल्यावर मी त्याच्या ब्रशला हात लावून बघितला. कडकडीत कोरडा. रक्त बघून घाबरला आणि त्यानं ब्रश करायचंच सोडून दिलं होतं. मला पत्ता नाही.

दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. खालच्या दोन दाढांना कीड, वरच्या एकीला सुरुवात, हिरड्या सुजलेल्या. डॉक्टरांनी तपासलं नीट, पण शेवटी त्याच्या पोटाकडे बघून म्हणाले, "आधी वजन कमी कर, मग दातांचं बघू." आणखी दोन पेशंट तिथंच बसले होते. परत येताना बिंदू चौकापर्यंत पोरगं गाडीवर मागं गप्प. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "आई, मी परत तिथं येणार नाही."

आता त्याचा दिवस सांगते, काही लपवत नाही. सकाळी चहा आणि दोन खारी. डब्यात चपाती-भाजी, ती निम्मी परत येते. शाळेतनं आला की पोहे नाहीतर भडंग. पाच ते आठ राजारामपुरीत क्लास. तिथं कोल्ड्रिंकची छोटी बाटली घेतो आणि तीन तास घोट घोट पुरवून पितो. हे मला परवा कळलं, दप्तरात तीन रिकाम्या बाटल्या सापडल्या. रात्री झोपताना चॉकलेट पावडर घातलेलं दूध. ते मीच देते, जेवण कमी झालं म्हणून.

सासूबाई म्हणतात हाडापेरानं मोठा पोरगा, त्याचे दात कसे किडतील. आणि धाकट्या जाऊबाईंची मुलगी काडीसारखी आहे, तिच्या चार दाढा भरून झाल्यात. मग वजनाचा आणि दातांचा संबंध धरायचा तरी कसा? वजनामुळे दात गेले की दातांमुळे वजन? आधी काय हातात घेऊ? कोणी यातनं गेलं असेल तर सांगा.

---

गुऱ्हाळवाला, कागल

ताई, साखर घरातनं बंद करा आणि गूळ आणा. आमचं तिसऱ्या पिढीचं गुऱ्हाळ आहे. वडील सत्तरीला गेले तोवर बत्तीशी शाबूत होती, रोज जेवणानंतर गुळाचा खडा ठरलेला. दुधात पण गूळ घाला. पोराला दम देऊ नका, पोरं बापाच्या दमानं नाही, आईच्या नजरेनं सुधारतात.

---

शाहूपुरीतली दंतवैद्य

ताई, मी दातांची डॉक्टर आहे, एकोणीस वर्षं शाहूपुरीत दवाखाना चालवते. तुमची पोस्ट दोनदा वाचली. सगळ्यात आधी एक सांगते. तुमच्या मुलाला लोकांदेखत जे ऐकावं लागलं ते चुकीचं होतं. खुर्चीवर तोंड उघडून बसलेलं पोर आधीच अर्धं घाबरलेलं असतं. वजनाचं बोलायचं असेल तर दार लावून, आईसमोर, आणि त्याला विचारून बोलावं. त्या वयात एकदा दवाखाना तुटला की पंचविशीपर्यंत माणूस परत येत नाही, आणि येतो तेव्हा दाढ काढायची वेळ आलेली असते. दुसरीकडे कुठंही न्या, पण नेणं सोडू नका.

आता संबंधाचं. कीड आणि हिरड्या हे दोन वेगळे विषय आहेत, ते वेगळे धरा म्हणजे गोंधळ कमी होईल.

किडीचं आधी. दातावरच्या पांढऱ्या थरातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांत त्या थराचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट) साडेपाचच्या खाली उतरतो आणि दाताचं वरचं कवच विरघळायला लागतं. मग लाळ ते आम्ल धुऊन काढते, निघालेली खनिजं थोडी परत भरते. याला अर्धा तास, कधी तासभर लागतो. म्हणजे बाटली जेवणाबरोबर एकदम प्यायली तर दाताला एकच मार बसतो. तीच बाटली पाच ते आठ घोट घोट प्यायली तर लाळेला उसंतच मिळत नाही, दात तीन तास आम्लात. शिवाय कोल्ड्रिंकचं स्वतःचं आम्ल वेगळंच. तुमच्या मुलाच्या दाढा किडल्या त्या क्लासात किडल्या असं मला वाटतं, आणि उरलेलं काम रात्रीच्या दुधानं केलं. झोपेत लाळ जवळजवळ आटते. दुधाचा थर रात्रभर दातावर तसाच बसून राहतो.

वजनाचंही गणित त्याच बाटलीत आहे. बाटलीवरचं लेबल बघा, बहुतेक १०० मिलीला १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिली म्हणजे सव्वीस-सत्तावीस ग्रॅम, साधारण सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेल्या साखरेतनं दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांपेक्षा कमी यावेत, ५ टक्क्यांच्या आत ठेवता आलं तर उत्तम. दोन हजार कॅलरी धरल्या तर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका बाटलीत ते संपलं. चहा, खारी, चॉकलेट पावडर अजून मोजलीच नाही.

म्हणून "वजनामुळे कीड" असं मी म्हणत नाही. याच्यावर जगभर अभ्यास झालेत आणि त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. काहींत जाड मुलांना कीड जास्त, काहींत बारीक मुलांना जास्त, काहींत फरकच नाही. तुमच्या जाऊबाईंच्या मुलीचं उदाहरण त्यातच बसतं. घोट घोट, घास घास दिवसभर तोंड चालू ठेवणारं मूल बारीकही असू शकतं. तिच्याही दाढांना तोच मार बसतो.

हिरड्यांचं मात्र वेगळं आहे. तिथं वजनाचा स्वतःचा हात असतो. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, पोटाभोवतीची चरबी सूज वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत असते. त्यामुळे दातावर तेवढाच थर असला तरी जाड मुलाच्या हिरड्या जास्त चिडतात, लवकर सुजतात, लवकर रक्त येतं. बारा-तेराव्या वर्षी हार्मोन बदलतात, त्यानंही हिरड्या हळव्या होतात. आणि रक्त आलं म्हणून ब्रश बंद, ब्रश बंद म्हणून थर वाढला, थर वाढला म्हणून आणखी रक्त. तुमचं पोर याच फेऱ्यात अडकलंय. यात दिलासा एवढाच की या वयातली हिरड्यांची सूज बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. हाड झिजलेलं नसतं.

तीन गोष्टी बघून ठेवा. एक, तो रात्री घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का? वजन जास्त असलेल्या मुलांत हे बरंच दिसतं. तोंड रात्रभर कोरडं पडलं की पुढच्या हिरड्या आधी सुजतात. उशीवरचे डाग बघून मला तीच शंका आली, तोंड उघडं असल्याशिवाय लाळ उशीवर येत नाही. दोन, मानेच्या मागं घडीत काळपट, मखमलीसारखा पट्टा आहे का? घासून जात नाही असा. असेल तर तो मळ नाही, इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते. बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेह हिरड्या बिघडवतो आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. तीन, त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, मी काढला, जवळपास २८ येतो. मोठ्या माणसाचा आकडा त्याला लावू नका, या वयात तो वयाच्या आणि मुलगा-मुलीच्या तक्त्यावर बघतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते आहेत, डॉक्टर त्यावर खूण करून दाखवतील. त्या तक्त्यावर हा आकडा लठ्ठपणात जातो, तेव्हा दुर्लक्ष करू नका. पण तेरा वर्षांच्या मुलाला उपाशी ठेवून वजन उतरवायचं नसतं. त्याची उंची अजून वाढायची आहे. वजन आहे तिथं धरून ठेवलं तरी उंचीबरोबर बीएमआय खाली येतो.

आधी काय, असं विचारलंत. आधी दात. दुखरी दाढ आणि सुजलेली हिरडी घेऊन मूल भाकरी, काकडी, पेरू चावत नाही, मऊ आणि गोडच मागतं. डबा निम्मा परत येतो म्हणालात, तो का येतो ते एकदा विचारा. दोन दाढा भरून घ्या, दात साफ करून घ्या. (साफ केल्यानं दात ढिले होतात हे खोटं आहे. कीटण निघतं, दात तिथंच राहतात.) बाराव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या दुसऱ्या दाढा नव्या आणि कच्च्या असतात, पहिली दोन-तीन वर्षं कीड पटकन धरते. जाड मुलांत दात थोडे लवकर येतात असंही दिसतं, म्हणजे त्यांना धोक्याचे दिवस जास्त. त्या दाढा चांगल्या असतील तर खाचा बुजवणारं सीलंट लावून घ्या.

गुऱ्हाळवाल्या दादांना मान देऊन सांगते, मीही कोल्हापूरचीच, गुळाशिवाय आमच्या घरी पोळी होत नाही. पण गुळातही मुख्य भाग साखरेचाच असतो. जंतूंना ऊस एकच. उलट गूळ चिकट, खाचेत बसून राहतो. तुमचे वडील जेवणानंतर एकदा खडा खायचे, दिवसभर चघळत नव्हते. त्यांचे दात त्या "एकदा"नं राखले.

---

लाल माती

मॅडम बरोबर बोलल्या. मी तालमीत वाढलोय, आता पोरांना सांगतो. आमच्यात उलटं घडतं बघा, वजन वाढवायला पण दात जातात आणि उतरवायला पण.

पोरगं नवीन आलं की खुराक चालू. बदाम, खसखस, बडीशेप, खडीसाखर घालून थंडाई. पूर्वी वस्तादासमोर लोटा उभ्यानं संपवायचा, वर पाण्याची चूळ. आता पोरं तीच थंडाई बाटलीत भरून घेतात आणि संध्याकाळभर पितात. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर पेलाभर धारोष्ण दूध प्यायला आमचं कधी काही बिघडलं नाही, ते एका दमात होतं म्हणून. दूध तेच, थंडाई तीच, पिण्याची तऱ्हा बदलली.

वजन उतरवायचं तर आणखी वाईट. ५५ किलोच्या गटात बसायला पोरं दोन दोन दिवस पाणी तोडतात, अंगात जर्किन घालून पळतात, च्युइंगम चघळून थुंकत बसतात. तोंडाला कोरड. वजन झालं रे झालं की ग्लुकोजची पावडर आणि कोल्ड्रिंक. लाळ नाही आणि वरनं साखर. मी सतराव्या वर्षी दाढेत लवंग दाबून कुस्ती केलीय. डाव्या बाजूचा पट धरला गेला की डोक्यात कळ जायची. कुस्ती काढली, दाढ महिन्याभरात काढावी लागली. आज त्या बाजूनं भाकरी चावता येत नाही.

ताई, पोराला मैदानावर घाला. पण "वजन कमी करायला" म्हणून नको. खेळायला म्हणून घाला. आमच्याकडे असल्या अंगाची पोरं येतात, पहिला महिना बाजूला उभी राहतात. त्यांना कुणी वजन विचारत नाही, नाव विचारतात.

---

गारगोटीचा बाप

माझी मुलगी पंधराची, वजन ३६ किलो. आम्हाला वाटायचं खात नाही म्हणून बारीक. टॉनिक आणलं, जंताचं औषध दिलं, नजर काढली. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलं, त्यातल्या डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाले ही एकाच बाजूनं चावते. उजव्या बाजूला दातावर कीटणाचा पिवळा थर आणि डावीकडं स्वच्छ. वापरच नव्हता उजव्या बाजूचा. दाढ आतनं सडली होती. पोरगी वर्षभर दुधात बिस्कीट आणि आमटी-भात खात होती आणि आम्ही तिला नाटकी म्हणत होतो.

रूट कॅनाल झालं. आठवड्यानं तिनं स्वतःहून ज्वारीची भाकरी आणि झुणका मागितला. आईनं केला, आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

ज्यांची पोरं शासकीय किंवा अनुदानित शाळेत आहेत त्यांनी त्या पथकाची तारीख शाळेत विचारून ठेवा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, दात पण बघतात, पुढं पाठवायची चिठ्ठी पण देतात. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका.

---

पेठेतली आई

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

मॅडम, तुम्ही लिहिलं तसं मानेचं बघितलं. केस कापून आणले होते त्याच दिवशी, त्यामुळे स्पष्ट दिसलं. काळा पट्टा आहे. मी दोन वर्षं तो साबणानं घासत होते, "मान नीट धुवत नाहीस" म्हणून त्याला बोलत होते. बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, रक्त तपासलं. मधुमेह नाही, पण साखर वरच्या काठावर आहे, तीन महिन्यांनी परत बघायचं म्हणाले. घोरतो पण. तेही त्यांना सांगितलं, कानाघशाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिलीय.

डब्याचं विचारलं. म्हणाला, "चपाती खाल्ली की दाढेत अडकते आणि मग दुखतं." भाजीला नावं ठेवत नव्हता बिचारा.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. एक दाढ भरून झाली, दुसरीचं रूट कॅनाल चालू आहे, दात साफ झाले. या डॉक्टरांनी त्याला आरसा हातात दिला आणि काय करतोय ते दाखवत दाखवत केलं. वजनाचा शब्द नाही. फक्त विचारलं, "दिवसातनं किती वेळा तोंड चालतं, बोटांवर मोज बरं." दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा त्याचं त्यालाच कळलं.

दूध आता रात्रीच्या जेवणाबरोबर, पावडर नाही. क्लासला ताकाची बाटली देते, मीठ-जिरं घालून. कोल्ड्रिंक बंद म्हटलं असतं तर चोरून घेतलं असतं, म्हणून रविवारी जेवताना एक असं ठरवलंय. आणि संध्याकाळी सहाला आम्ही दोघं रंकाळ्याला फिरायला जातो, शनिवार-रविवार. तो पुढं चालतो, मी मागं. क्लासमुळे रोज जमत नाही. वजनकाटा मी माळ्यावर टाकलाय.

एकच अडचण. दात साफ केल्यापासून ब्रश करताना रक्त कमी व्हायच्या ऐवजी चार दिवस जास्तच आलं. तो परत घाबरलाय. बेसिनमध्ये लाल दिसलं की ब्रश ठेवून देतो. थोडे दिवस थांबवू का?

---

शाहूपुरीतली दंतवैद्य

थांबवू नका. सुजलेली हिरडी आहे, दात साफ केल्यावर ती काही दिवस नाजूक असते. मऊ ब्रश घ्या. कडक ब्रशनं घासायची सवय असेल तर तो टाकून द्या. दात आणि हिरडी जिथं मिळतात तिथं ब्रश तिरका टेकवून हलकेच फिरवायचा, दाबायचा नाही. फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री. रात्रीचा ब्रश झाला की पाण्याशिवाय काही नको. फेस थुंकायचा पण भसाभस चुळा भरायच्या नाहीत, पेस्टमधलं औषध दाताला थोडा वेळ राहू दे. क्लासचं ताकही तीन तास पुरवून नको बरं, ते आंबट असतं. वडापाव नाहीतर डब्याबरोबर एकदम पिऊ दे, मग नुसतं पाणी.

त्याला असं सांगा की जिथं रक्त येतंय तिथंच ब्रशची गरज आहे. तिथला थर निघाला की हिरडीची सूज उतरते आणि रक्त आपोआप थांबतं. आठ-दहा दिवसांत फरक दिसायला हवा. दोन आठवड्यांनीही तेवढंच येत असेल, किंवा ब्रश न करता येत असेल, किंवा अंगावर निळे डाग, ताप असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांना दाखवा, रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्या लागतील.

आणि पहिले काही दिवस तुम्ही बेसिनपाशी त्याच्या शेजारी उभ्या राहून स्वतःही ब्रश करा.